दस्तऐवजांतील तुटके दुवे शोधणारी स्क्रिप्ट

पणजीतल्या आमच्या कार्यालयात सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती काढण्यापूर्वी पायथन या संगणकीय भाषेतील एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे लहानसा प्रोग्राम, चालवली जाते. ती मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी केलेल्या मजकुराच्या, सर्व फायलींतून दुवे गोळा करते. एकच दुवा अनेक ठिकाणी असला तरी तो एकदाच तपासावा, मात्र तो ज्या ज्या ओळीत आढळला तिची नोंद ठेवावी, अन्यथा दुरुस्तीच्या वेळी नसती शोधाशोध होते.

दुवा तपासताना आधी सर्व्हरला हेड (HEAD) विनंती पाठवावी, कारण तिच्या उत्तरात पानाचा मजकूर येत नाही आणि काम हलके होते. सर्व्हरने उत्तरात ४०५ (ही पद्धत चालत नाही) हा कोड कळवल्यास पूर्ण पान मागणाऱ्या गेट (GET) विनंतीने पुन्हा पाहावे. ४०४ (पान सापडले नाही) किंवा ४१० (पान काढून टाकले) म्हणजे दुवा तुटला. ४२९ (फार विनंत्या आल्या) आल्यास दोष आपल्या घाईचा असतो, तेव्हा थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

खरी फसगत दुव्यातील ‘#’ चिन्हानंतरच्या, पानातील विभाग दाखवणाऱ्या भागात होते. तो भाग सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे ‘#स्थापना’ हा विभाग पानावरून काढून टाकला तरी उत्तर २०० (सर्व ठीक) असेच येते. म्हणून पान उतरवून त्यात त्या विभागाचा आयडी, म्हणजे ओळखनाव, आहे का, हे तपासावे.

प्रत्येक विनंतीला दहा सेकंदांची मुदत द्यावी आणि मुदत उलटलेले दुवे वेगळ्या यादीत ठेवावेत. ऐन आषाढात एकदा माझ्या अहवालात सगळेच दुवे तुटलेले दिसले होते. प्रत्यक्षात तुटले होते ते आमचे इंटरनेट.