कार्डाचं बॅकग्राउंड बिघडतं कुठे? मिक्स्ड मीडियातल्या या चुका टाळा

मिक्स्ड मीडियाचं, म्हणजे रंग, पेस्ट, कागदाचे तुकडे असं सगळं एकत्र वापरून केलेलं बॅकग्राउंड फसलं की दोष रंगाला नाहीतर ब्रँडला दिला जातो. खरा घोळ बहुतेक वेळा पाण्याचा असतो: कागदाने किती प्यायलं, वरच्या थराखाली किती अडकलं आणि हवेत किती आहे. मुंबईत हा तिसरा हिशेब चुकवून चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. बाटलीवरचं ‘२० मिनिटांत सुकतं’ कोरड्या हवेसाठी लिहिलेलं असतं, हे धरूनच काम करायला हवं.

कागदापासूनच सुरुवात चुकते

साध्या ड्रॉइंग पेपरवर किंवा १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आतल्या कार्ट्रिज कागदावर ओलं काम केलं की कागद लाटा धरतो. वरून कितीही इस्त्री केली तरी त्या पूर्ण जात नाहीत. ओल्या कामाला ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर घ्या. वर बारीक नक्षीचे स्टॅम्प मारायचे असतील तर गुळगुळीत पोताचा घ्या, खरबरीत कागदावर स्टॅम्पच्या रेषा तुटतात. मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर कार्डस्टॉक (कार्डाचा जाड कागद) स्वस्त मिळतो, पण तिथे जीएसएम विचारून थांबू नका. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघता येईल असा एखादा तुकडा मागून घ्या. चकचकीत, कोटिंग केलेला कार्डस्टॉक पाणी आत घेत नाही आणि त्यावरचा रंग नखाने निघतो.

थेट कार्डावर रंगकाम करण्यापेक्षा वेगळं पॅनेल करून चिकटवणं केव्हाही बरं. ए५ कागद दुमडून ए६ कार्ड होतं, म्हणजे १०५ × १४८ मिमी. त्यावर ९५ × १३८ मिमीचं पॅनेल लावलं की चारी बाजूंनी ५ मिमीची किनार सुटते. पॅनेल बिघडलं तर कार्ड वाचतं. थेट कार्डावरच करायचं असेल तर दुमडीची रेघ आधी रिकाम्या रीफिलने दाबून घ्या आणि घडीवर टेक्श्चर पेस्ट (उठावदार नक्षीसाठीचा घट्ट लेप) येऊ देऊ नका, कारण पहिल्यांदा कार्ड उघडतानाच ती तडकते. घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेनेच घाला. कागद आडवा आणि उभा, दोन्हीकडून हलका वाकवून बघा. ज्या बाजूने कमी विरोध होतो ती धाग्याची दिशा. उलट दिशेने घातलेली घडी फाटल्यासारखी दिसते.

जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा लेप) किंवा जाड रंग एकाच बाजूला लावला की सुकताना तो आकसतो आणि कार्ड वर वळतं. मागच्या बाजूलाही जेसोचा एक पातळ हात द्या. पूर्ण सुकल्यावर दोन बटर पेपरांमध्ये ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा.

जेसो जाड लावणं

एक जाड हात देऊन वेळ वाचत नाही. वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पुढचा रंग ओढताना सालपटासारखा निघतो. दोन पातळ हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. मध्ये कोरड्या दिवसांत अर्धा तास, पावसाळ्यात निदान तास-दीड तास जाऊ द्या. सुकलंय का हे बोटाच्या टोकाने बघू नका, डाग पडतो. हाताची पालथी बाजू हलकेच टेकवा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे.

जेसोवर वॉटरकलर मारून ‘रंग उडतोय’ म्हणणारे बरेच भेटतात. जेसो ॲक्रिलिकचा असतो, त्यात वॉटरकलर मुरत नाही, वरच बसतो आणि ओल्या ब्रशने परत निघतो. तिथे ॲक्रिलिक इंक किंवा पातळ केलेला ॲक्रिलिक रंग वापरा. वॉटरकलरच हवा असेल तर जेसो फक्त ठरावीक जागीच लावा आणि उरलेला कागद मोकळा ठेवा. मुरलेला आणि न मुरलेला रंग शेजारी आला की त्यातून जी खोली मिळते, ती या माध्यमाची खरी गंमत.

पाण्याने विरघळणाऱ्या डाय इंकच्या स्प्रेचंही तेच. वरून ब्रशने मीडियम (बिनरंगी ॲक्रिलिक लेप) फिरवलं की सगळं वाहून जातं. आधी ओला इअरबड एका कडेला फिरवून बघा. कापसावर रंग आला तर त्या थरावर ब्रश फिरवायचा नाही. आधी फिक्सेटिव्ह (रंग पक्का धरून ठेवणाऱ्या) स्प्रेचे दोन हलके हात द्यायचे आणि मग पुढे जायचं.

सगळे रंग एकाच ओलाव्यात

चिखल होतो तो इथे. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या जोड्या ओल्या असताना भेटल्या की राखाडी-तपकिरीच मिळतो. एका थरात शेजारचे रंग ठेवा, जसं पिवळा-नारिंगी-गुलाबी. विरोधी रंग खालचा थर पूर्ण सुकल्यावरच आणा. चिखल झालाच तर तो भाग टिश्यूने टिपा, सुकू द्या आणि समान पाणी घातलेला पांढरा जेसो लावून लगेच ओल्या कापडाने अर्धवट पुसा. खालचा रंग धुक्यासारखा उरतो आणि बऱ्याचदा मूळ कल्पनेपेक्षा बरा दिसतो.

ओल्या वॉटरकलरवर मीठ टाकून फुलं उमटवायची पद्धत पावसाळ्यात रुसते. रंग फार सावकाश सुकतो, मीठ हवेतलंही पाणी ओढतं आणि फुलांऐवजी ओलसर डाग राहतात. कागदावरची चमक जाऊ लागली की त्याच क्षणी मीठ टाका, सुकल्यावर एकूण एक कण झाडून काढा. राहिलेला कण पुढच्या दमट दिवशी पुन्हा ओला होतो. हे कोऱ्या कागदावरच जमतं, जेसोवर नाही.

टेक्श्चर पेस्ट: सर्वांत जास्त तक्रारी इथे

घरी पेस्ट करायची तर २ मोठे चमचे बारीक चाळलेली चॉक पावडर, १ चमचा फेविकॉल एमआर, १ चमचा पांढरा ॲक्रिलिक रंग. पाणी थेंबाथेंबानेच. पेस्ट श्रीखंडाइतकी घट्ट हवी. चमचा उलटा केला तर पडता कामा नये. चॉक पावडरऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस घालणं टाळा. ते कडक आणि ठिसूळ होतं, आणि कार्ड तर वाकणारच.

नक्षीच्या कडा पसरल्या, तर पेस्ट पातळ होती किंवा स्टेन्सिल हललं. स्टेन्सिल चारी बाजूंनी मास्किंग टेपने धरा. जुन्या एटीएम कार्डाने एकाच दिशेने, एकाच दाबाने पेस्ट ओढा. पुढे-मागे घासली की ती स्टेन्सिलखाली शिरते. मग स्टेन्सिल सरळ वर उचला आणि ताबडतोब पाण्यात टाका. सुकलेली पेस्ट खरवडताना बारीक नक्षीचं स्टेन्सिल फाटतं.

भेगा पडल्या तर तीन कारणं तपासा: पावडर जास्त आणि फेविकॉल कमी, थर दीड मिलिमीटरपेक्षा जाड, किंवा सुकवण्याची घाई. जास्त उंची हवी असेल तर दोन थर द्या. ओल्या पेस्टवर हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) जवळून धरली की आतलं पाणी वाफ होऊन फुगे येतात. कधी कधी तो फोडांचा पोत मुद्दाम हवा असतो, तो भाग वेगळा. एरवी पंख्याखाली ठेवा. घाईच असेल तर हीट गन १५-२० सेंटिमीटरवरून सतत हलवत फिरवा.

एम्बॉसिंग पावडर सगळीकडे का चिकटते?

एम्बॉसिंग पावडर ओल्या शाईवर टाकून तापवली की वितळते आणि नक्षी उठावदार होते. पावसाळ्यात कागदाने ओल धरलेली असते, आणि ॲक्रिलिकचा ताजा थर तर चिकट असतोच. स्टॅम्प मारण्याआधी मलमलच्या पुरचुंडीत टाल्कम पावडर बांधून ती पृष्ठभागावर हलकी फिरवा. मग स्टॅम्प, पावडर, मागून टिचकी. राहिलेले कण कोरड्या बारीक ब्रशने काढा. हीट गन आधी काही सेकंद तापू द्या आणि शक्यतो कागदाच्या खालून उष्णता द्या, म्हणजे पावडर उडत नाही. पावडर चमकली की थांबा. पुढे तापवलं तर ती सपाट होते आणि भोवती तेलकट कडा उमटते.

कोलाजमधल्या छोट्या चुका

इंकजेट प्रिंट फेविकॉलने भिजली की पसरते; कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातली टोनरची प्रत पसरत नाही. वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांत पिवळा पडतो, तेव्हा त्याचीही झेरॉक्सच लावा. कॅलेंडरच्या चकचकीत पानाला मागून बारीक पॉलिशपेपरने हलकं घासा, मग गोंद नीट धरतो. छापील नॅपकिनचे थर सुटे करून फक्त वरचा छापील थर वापरा, नाहीतर त्यात हवा अडकून बुडबुडे येतात. ऑइल पेस्टल आणि मेणाचे खडू सगळं चिकटवून झाल्यावर. मेणावर काहीही टिकत नाही.

कागद जुना दाखवायला चहा वापरता तर कोरा, बिनसाखरेचा. साखरेला मुंग्या येतात आणि तांदळाच्या किंवा मैद्याच्या खळीला कसर लागते, दमट कपाटात तर बुरशीसुद्धा.

मिनिएचरमध्ये मोजमाप विसरणं

आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड, म्हणजे कलाकार आपसात अदलाबदल करतात ते छोटं चित्रकार्ड, २.५ × ३.५ इंचाचं असतं. ए४ कागदावर एकच मोठं बॅकग्राउंड करून त्यातून ९ कार्डं कापता येतात. पण ए४ साठी निवडलेली बोटभर पानाफुलांची नक्षी कापल्यावर नुसत्या डागासारखी दिसते. अशा कामाला ५-६ मिमीच्या आतली नक्षी घ्या.

१:१२ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याच्या, छोट्या खोलीत किंवा चाळीच्या भिंतीत हीच चूक जास्त खटकते. ९ इंच लांब, ३ इंच उंच विटेची दर्शनी बाजू या प्रमाणात सुमारे १९ × ६ मिमी होते. वाळूचा १ मिमीचा कण १२ मिमीच्या खड्यासारखा वाटतो, म्हणून प्लास्टरसाठी वाळूऐवजी चॉक पावडरच घ्या. खाण्याचा सोडा रंगात मिसळायची युक्ती सगळीकडे फिरते, पण इथल्या दमट हवेत त्यावर भरवसा ठेवू नका.

पोपडे सुटलेला रंग दाखवायचा असेल तर खालचा रंग पूर्ण सुकवा, त्यावर फेविकॉलचा हात द्या आणि तो चिकट झाला, पण ओघळत नाही, अशा वेळी वरचा ॲक्रिलिक एकाच फटक्यात लावा. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की भेगा बुजतात. फेविकॉल जाड तर भेगा मोठ्या, पातळ तर बारीक. वरचा थर खालच्यापेक्षा लवकर सुकला तरच भेगा पडतात. हवा दमट असेल तर हेअर ड्रायर दुरून लावा, एरवी वाट बघत बसाल.

डागांसाठी निव्वळ काळा वापरू नका, भिंत जळल्यासारखी दिसते. बर्न्ट अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन आणि नखभर हिरवा घाला, ८-१० पट पाण्याने पातळ करा आणि खिडकीच्या कठड्याखालून, पाइपच्या जोडापासून खाली ओघळू द्या. मुंबईच्या भिंतींवर शेवाळाचे काळपट ओघळ तिथूनच सुरू होतात. भिंतीच्या मधोमध सुटा डाग कोणालाच पटत नाही. आणि शेवटचा हात मॅटच द्या. चमक लहान प्रमाणात लहान होत नाही, ती लगेच खेळणं उघड करते.

वार्निश आणि पाकीट

दमट दिवशी स्प्रे वार्निश मारलं की पांढुरकं धुकं चढतं. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर जमते. पावसाची उघडीप बघून, खिडकी उघडी ठेवून फवारा, नाहीतर सरळ ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट वार्निश घ्या. धुकं आलंच तर कोरड्या दिवशी त्याच स्प्रेचा एक पातळ हात देऊन बघा, बऱ्याचदा ते विरघळतं.

ॲक्रिलिकचा थर हाताला सुकला तरी आतून काही दिवस मऊच असतो. दिवाळीच्या ऑर्डरची कार्डं त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पाकिटात भरून गठ्ठा बांधला, तर वरचा रंग प्लॅस्टिकसोबतच निघतो. पावसाळ्यात तीन-चार दिवस, थंडीत एक-दोन दिवस कार्डं मोकळी ठेवा. रंगवलेल्या दोन बाजू कधीही समोरासमोर ठेवू नका. मध्ये बटर पेपर घाला आणि गठ्ठ्यावर वजन ठेवू नका. चिकटलेलं पाकीट ओढून काढू नका. कार्ड तासभर फ्रिजमध्ये ठेवा, थर कडक होतो आणि प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून हळूच सोलता येतं.