न्यूरोअ‍ॅनाटॉमी सुरू करताना: आजीचा डावा हात, भाच्याचा अंगठा

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट, म्हणजे हालचालीचा हुकूम मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत नेणाऱ्या तंतूंचा मार्ग, मी पाढ्यासारखा पाठ केला होता. मोटर कॉर्टेक्स, कोरोना रेडिएटा, इंटर्नल कॅप्सूल, क्रस सेरेब्री, पॉन्स, पिरॅमिड. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी विचारलं, "उजव्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये रक्तस्राव झाला, तर पेशंट कसा दिसेल?" मला एक शब्द बोलता आला नाही.

त्याच वर्षी नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या घरी आजीला अर्धांगवायू झाला. डावा हात, डावा पाय, तोंडाची डावी बाजू, सगळं एका सकाळी गेलं. सीटी स्कॅनमध्ये उजवीकडे बोराएवढा डाग. "एवढ्याशा डागाने अर्धं अंग कसं गं गेलं?" आईने विचारलं. तिला समजावताना हा मार्ग मला पहिल्यांदा कळला.

कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरावर, पाय हलवणारा भाग मध्यरेषेपाशी, हाताचा बाहेरच्या अंगाला, चेहऱ्याचा त्याच्या खाली, असे सगळे ऐसपैस पसरलेले असतात. तिथे बोराएवढी इजा झाली तर एखादाच भाग दुबळा होईल. पण एका बाजूचे साधारण १० लाख तंतू खाली उतरताना मेंदूच्या आतल्या थॅलॅमस आणि लेंटिफॉर्म न्यूक्लियस या दोन गोळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत, म्हणजेच इंटर्नल कॅप्सूलमध्ये, दाटीवाटीने येतात. तिथल्या लेंटिक्युलोस्ट्रायेट धमन्या बारीक असतात, आणि वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी त्यांना पोखरतं. आजी बीपीची गोळी बरं वाटलं की बंद करायची.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की नाव पाठ करण्याआधी प्रत्येक पातळीवर थांबा आणि विचारा: इथे तुटलं तर काय जाईल, आणि कोणत्या बाजूचं? म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विद्यापीठाच्या पेपरला आकृती लागतेच, तेव्हा रोज एक आकृती न बघता काढा. डिसेक्शन हॉलमध्ये मेड्युला, म्हणजे मज्जारज्जूला जोडलेला मेंदूचा सगळ्यात खालचा भाग, हातात आला की पुढची खाच चिमट्याने हलकेच उघडा. खालच्या टोकाला ती खाच आडव्या-तिरक्या तंतूंनी बुजलेली दिसते. तेच डीकसेशन. ७५ ते ९० टक्के तंतू इथे बाजू बदलतात. याच्या वर इजा झाली तर विरुद्ध अंग जातं, मज्जारज्जूत झाली तर त्याच बाजूचं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

विकासाचा भाग मुलं ऑप्शनला टाकतात. मला तो सगळ्यात सुंदर वाटतो. ताईचं बाळ चार महिन्यांचं असताना मी त्याच्या पायाच्या तळव्याच्या कडेने बोट फिरवलं, तर अंगठा वर गेला. आजीच्या डाव्या पायाचाही तसाच जायचा. बाबिन्स्कीने १८९६ साली नोंदवलेली हीच खूण. बाळाचे तंतू जन्माआधीच मज्जारज्जूत पोचलेले असतात, पण त्यांच्यावरचं मायलिनचं वेष्टण पुरं झालेलं नसतं. साधारण दोन वर्षांपर्यंत ही खूण मावळते. आजीचं वेष्टण पुरं होतं, तंतूच तुटले होते.

आणखी एक गोष्ट पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात काम करताना, उपयोगी पडेल. सुरुवातीला कॉर्टेक्सच्या प्रत्येक बाजूचे तंतू मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी पोचतात, मग त्याच बाजूचे बरेचसे मागे घेतले जातात. वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल, तर घरचे कौतुकाने "डावखुरा आहे" म्हणतात. पण एवढ्या लवकर एकच हात वापरणं ही दुसऱ्या हाताचा मार्ग दुखावल्याची खूण असू शकते. तुम्ही मात्र दुसरा हात नीट तपासा, मूठ उघडते का पाहा, आणि सिनियरना लगेच दाखवा.