‘माझ्याकडे तर चालतंय’: वेब डेव्हलपरनं टाळाव्यात अशा रोजच्या चुका

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस. एका मंडळाच्या वर्गणीचा ऑनलाइन फॉर्म मी करून दिला होता. खजिनदारांचा फोन आला, “दादा, काहींचा फॉर्म जातोय, काहींचा जातच नाहीये. शेवटचं बटण दाबलं की नुसतं गोल गोल फिरत राहतं.” मी लॅपटॉप उघडला, नाव टाकलं, रक्कम टाकली, बटण दाबलं. फॉर्म गेला. “माझ्याकडे तर चालतंय,” असं त्यांना सांगितलं आणि लोकांच्या नेटवर संशय घेतला. त्या संशयापायी दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सर्व्हरचा लॉग (घडलेल्या गोष्टींची नोंदवही) काढून ओळ न् ओळ वाचली. ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ अशी एरर होती आणि तिच्यापुढे चार बाइट छापलेले होते. ते चार बाइट म्हणजे जोडलेल्या हातांचा इमोजी. ‘बाप्पा मोरया’ लिहून ज्यांनी पुढे हात जोडले होते, नेमके त्यांचेच फॉर्म अडकत होते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, इमोजी चार घेतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ज्याला नुसतं ‘यूटीएफ८’ म्हणतात ते तीन बाइटांपर्यंतच साठवतं. म्हणून मराठी नावं बिनबोभाट जात होती आणि नमस्कार अडत होता. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ वर नेलं, कनेक्शनलाही तेच सांगितलं, आणि काम झालं. मायएसक्यूएल ८.० पासून हे डिफॉल्ट आहे, पण जुनं टेबल आपोआप बदलत नाही. ते बॅकअप घेऊन आपल्यालाच बदलावं लागतं.

माझ्या चाचणीत तो इमोजी कधी आलाच नव्हता, कारण संदेशाच्या रकान्यात मी दर वेळी ‘टेस्ट टेस्ट’ लिहीत होतो. माझं मशीन, माझं वायफाय, माझी भाषा, माझं घड्याळ. यातलं एकही वापरणाऱ्याकडे नसतं. आपल्या कामातल्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

लॉग आधी, अंदाज नंतर

एरर दिसली की आपण ती अर्धवट वाचतो आणि लगेच कोडमध्ये हात घालतो. थांबा. पूर्ण वाचा, आणि वीस एरर आल्या असतील तर पहिली वाचा; पुढच्या एकोणीस बहुतेक वेळा तिचीच पिल्लं असतात. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून नुसता आकडा पाहिला तरी अर्धी दिशा कळते. ४०४ असेल तर पत्ता चुकलाय. ४०३ असेल तर परवानगी नाही. ५०० असेल तर आपला कोड सर्व्हरवर पडलाय, तेव्हा ब्राउझरमध्ये शोधत बसू नका. ५०२ असेल तर पुढचा सर्व्हर जिवंत आहे, पण त्याच्यामागचा प्रोग्राम नीट उत्तर देत नाहीये.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईत चार बदल एकदम केले आणि चालू झालं, तर कशानं चालू झालं ते कळत नाही. महिन्यानं तेच दुखणं परत येतं. बदल करूनही काहीच फरक दिसत नसेल तर आधी कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) तपासा: ब्राउझरची, सर्व्हरची आणि मध्ये सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सेवा) असेल तर तिचीही. मी अशा वेळी पानावर मुद्दाम एखादा शब्द बदलून बघतो. तोही बदललेला दिसला नाही, तर मी ज्या फाइलमध्ये काम करतोय ती मुळात चालतच नाहीये.

मराठी नावाची लांबी

‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, री. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट भाषेला लांबी विचारली तर ती ११ सांगते, कारण हलन्त, काना, मात्रा, वेलांटी ही सगळी तिथं वेगळी मोजली जातात. सर्व्हरवरच्या पीएचपी भाषेचं साधं ‘स्ट्रलेन’ तर ३३ सांगतं, ते बाइट मोजतं. आता ‘नाव जास्तीत जास्त वीस अक्षरांचं असावं’ हा नियम आपण इंग्रजी नाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मराठीत लिहिणाऱ्या बाईंना फॉर्म सांगतो, ‘नाव फार मोठं आहे’. स्वतःचं नाव लिहिल्याबद्दल माणसाला असं ऐकावं लागणं मला फार लागतं. रकाना मोठा ठेवायला आपल्याला काहीही खर्च येत नाही.

मजकूर कापतानाही हेच. बाइटवर कापला तर शेवटी काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह येतं. चिन्हं मोजून कापणारं ‘एमबी_सबस्ट्र’ वापरलं तर ते जातं, पण आठव्या चिन्हावर कापलं की ‘ज्ञानेश्’ असा लटकता, पायमोडका शब्द उरतो. बातमीचा सारांश, मेसेज, यादी, कुठंही कापायचं असेल तर मोकळ्या जागेवर, म्हणजे पूर्ण शब्दावर कापा.

मोबाइल नंबरचंही तसंच. मराठी कीबोर्ड चालू असलेला माणूस सहज ९८ असे देवनागरी आकडे टाकतो आणि आपला फॉर्म ‘योग्य नंबर टाका’ म्हणतो, कारण आपण फक्त रोमन आकड्यांची तपासणी लिहिलेली असते. त्या माणसाचं काय चुकलं? देवनागरी आकडे घ्या, आत रोमनमध्ये बदला, मग तपासा. दहा आकड्यांचा बदल म्हणजे चार ओळींचं काम आहे.

१५ ऑगस्टचा १४ ऑगस्ट

जन्मतारीख १५ निवडली आणि डेटाबेसमध्ये १४ गेली, ही तक्रार भारतात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे कधी ना कधी येते. कारण साधं आहे. कॅलेंडर आपल्याला १५ तारखेची मध्यरात्र देतं, भारतीय वेळेची. कोड ती यूटीसीमध्ये (जगभराच्या प्रमाणवेळेत) बदलतो, म्हणजे साडेपाच तास मागे नेतो. झाली १४ तारखेची संध्याकाळ, १८:३०. पुढे कुणीतरी वेळ कापून फक्त तारीख ठेवतो. डेटामध्ये कुठंही १८:३० दिसलं की समजा, चूक इथंच आहे.

याची उलटी बाजू भारतात बसून दिसतच नाही. जावास्क्रिप्टला फक्त ‘वर्ष-महिना-दिवस’ अशी तारीख दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरते. पुण्यात तेव्हा त्याच दिवसाची पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून तारीख बरोबर दिसते. न्यू जर्सीतल्या मराठी माणसानं तेच पान उघडलं तर त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. कार्यक्रम शनिवारचा, त्याला दिसतो शुक्रवार. आपण मात्र इथून सांगतो, माझ्याकडे तर बरोबर आहे.

वाढदिवस, सण, सुट्टी यांना वेळ नसते. ती नुसती तारीख म्हणूनच साठवा. पैसे कधी आले, लॉगिन कधी झालं, हे क्षण असतात. ते यूटीसीत साठवा आणि दाखवताना बदला. आणि सर्व्हरचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे ते पहिल्याच दिवशी बघून घ्या. सर्व्हर यूटीसीवर असेल तर ‘रात्री बाराचा’ रिपोर्ट पहाटे साडेपाचला निघतो.

लाइव्ह डेटाबेसवर हात टाकण्याआधी

‘अपडेट’ लिहिलं आणि ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) राहिलं. एका ग्राहकाचा पत्ता दुरुस्त करायचा होता, सगळ्यांचा एकच पत्ता झाला. मी हे एकदा केलंय. एंटर दाबल्यावर पडद्यावर ‘एक ओळ बदलली’ असं यायला हवं होतं, तिथं चार आकडी संख्या आली. पोटात खड्डा पडला. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी तीच अट लावून ‘सिलेक्ट’ चालवायचं आणि किती ओळी येतात ते मोजायचं. मग ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, ‘अपडेट’ करायचं, आकडा जुळला तरच ‘कमिट’ (बदल पक्का), नाहीतर ‘रोलबॅक’ (बदल मागे). एक लक्षात ठेवा: मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी किंवा टेबल उडवणारी आज्ञा रोलबॅक होत नाही. दुसरं, लाइव्ह सर्व्हरच्या टर्मिनलचा रंग लाल करून ठेवा. दोन सारख्या दिसणाऱ्या काळ्या खिडक्यांमध्ये थकलेल्या डोळ्यांची गफलत होतेच.

अनुभवी माणसांचीही होते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरवरचा डेटा काढायचा म्हणून आज्ञा दिली आणि ती मुख्य सर्व्हरवर चालली. सुमारे ३०० जीबी डेटा जात होता; थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या त्यांच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या फरकामुळे फसत होता आणि तो फसल्याचे ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी योगायोगानं सुमारे सहा तास आधी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) कामी आला. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवली, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. म्हणून बॅकअप घेतला की दर महिन्याला एकदा तो वेगळ्या मशीनवर उतरवून बघा. साइट त्यावर उभी राहिली, तरच तो बॅकअप धरायचा.

आणखी थोडं

पासवर्ड किंवा पेमेंट गेटवेची गुप्त की चुकून गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेली तर पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे पुढच्या नोंदीत, फाइल काढून भागत नाही, जुन्या इतिहासात ती तशीच असते. आधी ती की रद्द करून नवी घ्या, इतिहासाची साफसफाई मागाहून.

नेट मंद असलं की माणूस बटण दोनदा दाबतो. पहिल्या क्लिकला बटण बंद करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. एकाच व्यवहाराची दुसरी मागणी आली तर सर्व्हरनंही ती ओळखली पाहिजे. नाहीतर वर्गणीच्या दोन पावत्या फाटतात.

शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड चढवू नका. कारण सगळ्यांना माहीत आहे.

ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहितो तेव्हा चिडू नका, त्याला तेवढंच दिसतं. मी तीन गोष्टी विचारतो: कोणता फोन, साधारण किती वाजता, आणि शेवटचं काय दाबलं. वेळ कळली की लॉगमध्ये ती जागा मिनिटभरात सापडते.

त्या मंडळाच्या प्रसंगानंतर मी एक फाइल सुरू केली. प्रत्येक नवा फॉर्म तिच्यातल्या नोंदी भरून तपासतो. पहिली ओळ जोडलेल्या हातांची आहे. मग ज्ञानेश्वरी, देवनागरी आकड्यांतला मोबाइल नंबर, १५ ऑगस्ट ही जन्मतारीख. अगदी अलीकडे भर पडली ती ‘कऱ्हाड’ची. गावाच्या नावानं शोधलं की अर्धेच लोक सापडत होते. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी, पण काही कीबोर्ड हा र नुक्त्याच्या ऱ नं लिहितात आणि काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक टाकतात. डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी गावं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची पद्धत) ती एक करत नाही, म्हणून साठवण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणणारी एक ओळ लिहावी लागली. आता फाइलमध्ये कऱ्हाड दोन्ही पद्धतींनी लिहून ठेवलंय.