जुनी कॅम्पर व्हॅन घेताय? आधी तिच्यावर पाणी मारून बघा

सोलापुरात उभी असलेली जुनी कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी, बघायला गेलं की ती हमखास चांगली दिसते. आपल्याकडे पाऊस मोजका आणि त्याचा खरा जोर सप्टेंबरात. बाकी वर्षभर छत गळतं की नाही, हे कळायला मार्गच नसतो. आणि एप्रिल-मेचं चाळिशी पार करणारं ऊन खिडक्यांच्या रबराला आणि सांध्यांतल्या सिलिकॉनला तडे पाडतच असतं. इंजिन कुठलाही चांगला मिस्त्री दुरुस्त करून देईल, पण आतून कुजलेली भिंत आणि छत म्हणजे सगळं फर्निचर उचकटून नव्यानं बांधणं. म्हणून माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्यावा.

जाण्याआधी कागद

आरसीचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा) फोटो आधीच मागवा आणि त्यावर वाहनाचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. यातल्या बऱ्याच गाड्या मुळात फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर असतात. काही आधी स्कूल बस, काही रुग्णवाहिका. नंतर कुणीतरी आत बेड, ओटा, संडास बसवून घेतलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीनं करून आरसीवर नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर पासिंग अडतं आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी क्लेमवर बोट ठेवते. ‘करून देतो की साहेब’ या तोंडी शब्दावर जाऊ नका. नोंद आधी, पैसे नंतर.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा, फिटनेस आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि तो उतरवण्याचा फॉर्म ३५ हवा. गाडी कर्नाटक किंवा तेलंगणातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि एमएच-१३ नंबर घेताना इथला रोड टॅक्सही भरावा लागतो. तो खर्च धरूनच भाव करा.

पाण्याची परीक्षा

आधी कोरड्यातच आत शिरा. दारं-खिडक्या थोडा वेळ बंद ठेवून मग उघडायला सांगा. कुबट वास आला तर ओल आहेच. गाडीत अत्तर किंवा फ्रेशनर भरपूर मारलेला असेल तर जास्तच सावध राहा. बेडखालचे कप्पे, कपाटांचे वरचे कोपरे, संडासामागची भिंत, टपावरच्या एसीभोवतालचं छत या जागा अंगठ्यानं दाबत जा. चांगला प्लाय कडक लागतो, कुजलेला आत दबतो. बोटानं ठोकलं तर आवाजही भदभदीत येतो. एकाच कोपऱ्यात नवा सनमायका किंवा नवा रंग दिसला तर तिथं काय झालं होतं, ते सरळ विचारा.

मग साधा पाइप लावा. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर जेट नको, त्यानं चांगला सांधाही उखडतो. एकानं बाहेरून पाणी सोडायचं, दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. सुरुवात खालून करा: आधी दाराची चौकट, मग खिडक्या, शेवटी टप. एकदम टपावर पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि शिरलं कुठून हे समजत नाही. प्रत्येक जागेला निदान दहा मिनिटं द्या. टपावर सोलर पॅनलचे स्क्रू, एसीची चौकट आणि छताची खिडकी या तीन ठिकाणी जास्त वेळ थांबा. पाणी पत्र्याच्या आतून सरकत भलतीकडे निघतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत येऊन हात फिरवा. मालक दुसऱ्या दिवशी येऊ देत नसेल तर मी ती गाडी सोडून देईन.

आतली टाकी भरून पंप, नळ, फ्लश सगळं चालवा. बोअरच्या पाण्याचे क्षार पंपात आणि गिझरमध्ये बसतात. धार बारीक येत असेल तर कारण बहुधा तेच.

गॅस आणि वीज

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. त्यामुळे सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. नळीवर आयएसआयचा शिक्का आणि तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदलायची. बर्नर बंद, रेग्युलेटर चालू ठेवून सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की व्यवहार तिथंच थांबवा.

बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास पडू दिली की १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती बदलायला आली. एसी सकाळच्या गारव्यात नव्हे, दुपारी तीनला, बाहेरची वीज जोडून तासभर चालवून बघा.

वजन, टायर, घाट

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आणि बाजार समित्या इतक्या की वजनकाटा शोधावा लागत नाही. टाक्या भरून गाडी काट्यावर घाला आणि आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. मग माणसं, सामान, सिलेंडर. फर्निचर जाड प्लायचं असेल तर चार माणसांच्या वजनाचीही मुभा उरत नाही, आणि ते ओझं ब्रेकवर पडतं.

अशा गाड्या उभ्याच जास्त असतात, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत आणि रबर मेलेलं, असं होतं. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर असतील तर नव्या सेटची रक्कम भावातून वजा करा.

इंजिन थंड असताना सुरू करा. बॉनेट आधीच गरम लागला तर उद्या परत या. मग तुळजापूर रस्त्याला लागा. घाट चढताना टेम्परेचरचा काटा, उतरताना ब्रेक आणि गिअर, वळणावर कपाटांची दारं उघडतात का, हे सगळं तिथं समजतं.

पटलं तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही पैसे देतानाच घ्या आणि चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला टाका.