मृगाच्या आधी भरावावरून एक फेरी मारा

मृग तोंडावर आला की आपण सगळे बियाणं, खतं आणि ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागतो. त्या धांदलीतली एक सकाळ गावच्या पाझर तलावाच्या भरावासाठी, म्हणजे त्याच्या मातीच्या भिंतीसाठी काढा. तलावाखाली ज्यांची विहीर, जमीन किंवा वस्ती आहे, त्यांनी तर काढाच. माझं रान भिंतीच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात रात्री जाग आली की मी आधी सांडव्याचा, म्हणजे भरलेल्या तलावातलं जादा पाणी बाहेर पडतं त्या वाटेचा आवाज ऐकतो, मग कूस बदलतो.

पुष्कळ गावांतले पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर झाले. आपल्या घरातल्याच माणसांनी टोपल्यांनी माती वाहिली. ते भराव आता पन्नाशीला आले आहेत. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि काही अटींनिशी १० ते १५ मीटरच्या धरणांना. सात-आठ मीटरचा गावतलाव त्यात बसत नाही. त्याच्याकडे रोज बघणारं कोणी असेल, तर ते आपणच.

फेरीची सुरुवात सांडव्यापासून करा. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती काही काळ तरी तग धरते. मातीच्या भरावावरून वीतभर पाणी वाहू लागलं की खालच्या उतारावर घळ पडते, घळ माथ्याकडे सरकत जाते आणि भिंत चिरत नेते. म्हणून सांडवा मोकळा असणं हे मातीच्या तलावाचं निम्मं आयुष्य आहे. आणि गावोगाव छेडछाड होते ती नेमकी तिथेच. कोणी रब्बीला एक पाणी जास्त मिळावं म्हणून सांडव्यावर मातीची पोती रचतं. कोणी मासळी निसटू नये म्हणून जाळी बांधतं.

आमच्याकडे एका वर्षी ठेका घेतलेल्यांनी बारीक घरांची जाळी सांडव्यावर आडवी लावली होती. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातून धसकटं, बेशरमाच्या काड्या, पाचट असं सगळं वाहत आलं आणि जाळीला थापलं. जाळीची भिंतच झाली. रात्री अकराला बॅटरी घेऊन गेलो तेव्हा पाणी माथ्यापासून दीड हातावर होतं. कमरेला दोर बांधून दोघं उतरले आणि कोयत्याने जाळी तोडली. ती सुटल्यावर पाण्याचा जो लोंढा निघाला, त्यात एकजण दोरावरच लोंबकळला. आज तो धडधाकट आहे तो त्या दोरामुळे. असं धाडस कोणी करू नये. जाळी पावसाआधीच काढून टाका. मासळी जाईल म्हणून ठेकेदार कुरकुर करेल, त्याला खाली कोणाची घरं आहेत ते दाखवा. पुढची चारी भर घालून कोणी शेतात घेतली असेल, तर तीही आताच मोकळी करून घ्या.

मग भिंतीच्या खालच्या अंगाने चाला. मातीची भिंत थोडी पाझरतेच, तलावाचं नावच पाझर तलाव आहे. ओल दिसली म्हणून घाबरू नका, पाण्याचा रंग बघा. काचेच्या स्वच्छ बाटलीत ते पाणी भरून तासभर ठेवा. नितळ राहिलं तर जागेवर खुंटी ठोका आणि दर दोन दिवसांनी धार वाढली का ते पाहा. तळाला माती बसली, तर भिंतीच्या पोटातली माती वाहून येते आहे असं समजा. तेव्हा वाट बघायची नसते, त्याच दिवशी १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला आणि पोलीस पाटलांना कळवायचं. पायथ्याला उकळी फुटल्यासारखं पाणी वर येत असेल, तर त्यावर चिखल थापून तोंड बंद करू नका. कोंडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. माणसं येईपर्यंत त्या जागेवर आधी जाड वाळू, वर खडी, वर दगड असा थर द्या. पाणी निघत राहतं, माती अडते.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून जास्त माणसं दगावली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. म्हणून म्हणतो, तोंडी सांगून थांबू नका. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा अर्ज, मोबाईलवर काढलेला तारखेसह फोटो आणि पोच, तिन्ही जपून ठेवा. पंधरा दिवसांत कोणी फिरकलं नाही, तर तहसीलदारांकडे जा.

माथ्यावर दुचाकी आणि ट्रॅक्टर जाऊन चाकोऱ्या पडतात. त्यांत साचलेलं पाणी सरळ भरावात मुरतं. मुरूम टाकून, धुम्मसाने ठोकून, उतार तलावाच्या बाजूला द्या. वाहनं येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना मोठे दगड पुरा. घुशींची आणि खेकड्यांची बिळं दिसली तर नुसता दगड कोंबून उपयोग नाही, खणून चिकणमातीने थरथर ठोकत भरावी लागतात. वेडी बाभूळ हाताने उपटण्याएवढी असतानाच काढा. जुनं मोठं झाड मात्र आपल्या मनाने तोडू नका. मुळं आत कुजली की त्यांच्याच नळ्या होतात. हरळी असेल तर ती राहू द्या, भिंतीला तिच्यासारखं पांघरूण नाही.

आता पोरांबद्दल. हे मी सगळ्यात कळकळीने लिहितोय.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे उन्हाळ्यात तलावांत पोकलेन उतरतात. गाळ शेतात जातो, त्याचा फायदा मी स्वतः घेतला आहे. पण यंत्र जिथे थांबतं तिथे दोन-दोन पुरुष खोल, उभ्या कडांचे खड्डे राहतात. आषाढात त्यांवर गढूळ पाणी चढतं आणि वरून सगळं सपाट दिसतं. ज्या पोराला गेल्या वर्षी कमरेएवढं पाणी ठाऊक होतं, ते यंदा त्याच जागी पाऊल टाकतं आणि पायाखाली काहीच नसतं. पोहणाऱ्यालाही ओली उभी कड धरून वर येता येत नाही, माती हातात सुटून येते. धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी धुणारी मुलं अशीच जातात. एक घसरतो, त्याला धरायला दुसरा जातो, मग आई जाते.

यंत्र तलावात आहे तोवरच त्याच्याकडून खड्ड्यांच्या कडा मोडून उतार करून घ्या. तासाभराचं भाडं वर्गणीतूनही निघेल. भिंतीलगतचा गाळ मात्र काढू देऊ नका, तो पाणी आत मुरण्यापासून भिंतीला आडोसा देतो. तलाव कोरडा असताना शाळेच्या पोरांना एकदा तळातून फिरवा. खड्ड्याच्या कडेला उभं करा, आत उतरून हात वर केलेला मोठा माणूस दाखवा. आमच्या वाडीत हे केलं. एक आठ वर्षांची मुलगी खड्ड्यात डोकावून मागे सरकली आणि तिने धाकट्या भावाचं मनगट घट्ट धरलं. धोक्याची पाटी वाचून ती असं मागे सरकली नसती. पाणी यायच्या आत खड्ड्यांच्या कडेला उंच बांबू रोवून त्यांना लाल फडकी बांधा.

तलावावर जाऊच नये असं मी म्हणणार नाही. श्रावणात भरलेला तलाव बघायला, भजी खायला, गळ टाकून बसायला कोणाला आवडत नाही? जागा ठरवून द्या. भिंतीपासून लांब, खणलेलं नाही अशा उथळ काठावर धुणं, बैल, विसर्जन करा. पोळ्याला बैल धुताना कासरा मनगटाला गुंडाळू नका, बैल बुजला तर माणसाला ओढून नेतो. गणपतीला मूर्ती खोल पाण्यात नेण्याचा आग्रह नको, पट्टीच्या पोहणाऱ्या दोघांनीच पाण्यात उतरावं. वाहत्या सांडव्यावर फोटोसाठी कोणी उभं राहू नये. शेवाळलेल्या दगडावर घोटाभर पाणीही पाय उचलतं, आणि वर डोंगरात पाऊस पडला की पाणी सांगून वाढत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं तशीच वाहून गेली. काठावरच्या वीजपंपांच्या वायरींचे जोड पाण्यात किंवा ओल्या गवतात राहू देऊ नका, शॉकने माणूस हाक न मारता जातो.

कोणी बुडताना दिसलं तर उडी टाकू नका. आधी दोर, बांबू किंवा ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब फेका. बाहेर काढल्यावर पालथं घालून पोट दाबण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबा, तीस दाबांमागे दोन श्वास. एकाने १०८ ला फोन करावा. भिंतीचा धोका वाटला तर १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला आणि पोलीस पाटलांना कळवा, आणि खालची वस्ती उठवून उंचावर न्या. गुरांची दावी सोडून द्या. ओढ्याच्या पुलावर बघायला थांबू नका. पाणी कमी व्हावं म्हणून जेसीबी लावून भिंत फोडण्याचा विचारही नको.

शेवटचं काम थोड्या खर्चाचं आहे. वीस मीटर नायलॉनचा दोर घ्या, टोकाला घट्ट बुचाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधा. फेकताना वजन यावं म्हणून कॅनमध्ये चार बोटं पाणी ठेवा. असे दोन संच करा. एक धुण्याच्या काठावर, एक सांडव्याजवळच्या झाडाला, पोराच्याही हाताला येईल एवढ्या उंचीवर टांगा. कुलूप लावू नका.