जेलात शिकवायला जाताय? मग बाता मारणाऱ्यांना कसं सांभाळायचं ते वाचून जा

मी मराठवाड्यातल्या एका जेलात बरीच वर्षं शिकवतोय. कोणतं ते सांगत नाही, हर्सूल घ्या, पैठणचं खुलं कारागृह घ्या नाहीतर आपल्याकडचं कुठलंही जिल्हा कारागृह घ्या, बाता सगळीकडं सारख्याच. नवीन शिक्षक, एनजीओची पोरं, साक्षरतेचे स्वयंसेवक कधीमधी फोन करून विचारतात की सर आत भीती वाटते का. भीती नाही वाटत हो. मोबाईल-पाकीट गेटवर जमा करायचं, झडती द्यायची, रजिस्टरवर सही ठोकायची आणि दिंडी दरवाजातून वाकून आत जायचं. खडू, पुस्तक, वही चालते, आमच्याकडं कर्कटक मात्र चालत नाही त्यामुळं भूमितीत वर्तुळ बांगडी ठेवून काढतो, तीही प्लास्टिकची. खरा त्रास होतो तो फेकणाऱ्यांचा. पंधरा माणसं समोर बसलेली, तुम्ही फळ्यावर भागाकार मांडलाय आणि मधेच एकजण सुरू होतो, "सर तुमाला सांगतो, आपल्या एका फोनवर अख्खा तालुका बंद व्हायचा." संपला भागाकार.

आधी तो फेकतो काहून ते समजून घ्या. आत माणसाकडं काहीच नसतं, ना गाडी, ना जमीन, ना बायकापोरं समोर. असतं ते फक्त कलम. बराकीत कुणाला किती मान हे बऱ्यापैकी कलमावर ठरतं, ३०२ वाल्याला जागा मिळते, ३०७ वाला स्वतःला हाफ मर्डर म्हणवून घेतो, चोरीवाला शेवटी संडासाकडच्या कोपऱ्यात. (१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ झालं, पण बराकीत अजून जुनेच नंबर चालतात, १०३ म्हटलं तर कुणी उठून जागा देत नाही.) आणि ज्याच्यावर बाई-लेकरावरच्या गुन्ह्याचा आरोप आहे तो तर खरं कलम मरेपर्यंत सांगणार नाही, कारण सांगितलं तर रात्री मार पडतो. म्हणून सगळ्यात मोठ्यानं हाफ मर्डर सांगणारा कधीकधी सगळ्यात जास्त घाबरलेला असतो. हे डोक्यात ठेवलं की निम्मा राग तिथंच जातो.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

पहिल्याच वर्षी एकजण होता, लातूरकडचा. वर्गात सांगायला लागला की किल्लारीच्या भूकंपात म्या सतरा माणसं ढिगाऱ्यातून काढली. इतकं बारीक सांगितलं की विसर्जनाची रात्र, लोक मिरवणुकीवरून येऊन नुकतेच आडवे झालेले, पहाटे चारच्या आत सगळं खाली, दगडमातीच्या भिंती, वरून धाब्याचा माळवद, पाऊस. मला मध्येच अक्कल सुचली. हजेरीच्या रजिस्टरात त्याचं वय माझ्यासमोरच होतं. मी म्हणालो, अरे भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, तू तेव्हा चार वर्षांचा होतास की! वर्ग खदाखदा हसला, मलाही लई भारी वाटलं. दुसऱ्या दिवशीपासून तो आला नाही. दहावीचा १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरायला तयार झालेला माणूस, हातचा गेला. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या गावाकडच्या दुसऱ्या बंद्याकडून कळलं की गोष्ट अक्षरशः खरी होती, फक्त माणसं काढणारा त्याचा बाप होता.

तेव्हापासून माझा नियम असा की चारचौघांत बात खोटी पाडायची नाही. तुम्ही चार वाजता घरी निघून जाता, त्याला त्याच बराकीत झोपायचंय, आणि ज्यांच्यासमोर तुम्ही त्याला उघडा पाडला तेच रात्री शेजारी असतात. पण खोटी पाडायची नाही म्हणजे वाहवा करायची असंही नाही हां. नवीन शिक्षक इथंच फसतात, "हो का, मग पुढं काय झालं" असं डोळे मोठे करून विचारतात, की संपलं, उद्या त्याच गोष्टीत दोन गाड्या आणि एक पिस्तूल वाढलेलं असतं, आणि परवा बाकीचे चौदाजण त्याच्यावर कडी करायला बसतात. चेहरा कसा ठेवायचा म्हणाल तर गावातला म्हातारा एसटीत शेजारच्याचं ऐकतो तसा. हं. बरं. आणि खडू हातात घेऊन फळ्याकडं वळायचं.

फळ्याकडं वळून काय करायचं, तर ती बात कामाला लावायची. खरा उपाय हाच आहे, बाकी सगळं टाइमपास.

एकाचं उदाहरण देतो. बीडकडचा होता, म्हणायचा ऊसतोडीत एका सीझनला दहा लाख छापले. मी काहीच बोललो नाही. आठवडाभरानं फळ्यावर गणित दिलं, नावगाव न घेता. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं मिळून, दिवसाला दोन टन ऊस तोडला, दर टनाला ३६६ रुपये, सीझन १५० दिवसांचा, तर मिळाले किती? (३६६ हा २०२४ च्या सुरुवातीला वाढवून मिळालेला दर, त्याआधी २७३ होता, हे मला वर्गातल्याच तिघांनी सांगितलं, माझ्यापेक्षा त्यांना पाठ.) गुणाकार करत करत सगळे १,०९,८०० वर आले. मग कुणीतरी म्हणालं, "सर यातून उचल वजा करा की." तिथून जो वर्ग रंगला! उचल म्हणजे सीझनआधी घेतलेले आगाऊ पैसे, ती किती, व्याज कसं लावतात, मुकादमाचं, म्हणजे मजूर पुरवणाऱ्याचं, कमिशन किती, आजारी पडलं तर खाडा किती कापतात. वजाबाकी, शेकडेवारी, व्याज, सगळं एका तासात झालं आणि मी फक्त खडू धरून उभा. दहा लाखवाला गप्प बसून वहीत आकडे मांडत होता. तास संपल्यावर थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, दहा लाख कमावले नव्हते, उचलले होते." तो छोटा मुकादम होता. कारखान्याच्या वाहतूकदाराकडून उचल घेतली, टोळ्यांना वाटली, टोळ्या पळाल्या आणि ४२० याच्यावर. मी हूं म्हणालो, एवढंच. पुढं व्याजाची गणितं वर्गाला तोच शिकवायचा.

ज्यांचं अजून अक्षरओळखीवर चाललंय त्यांच्याबाबतीत बात वेगळ्या तऱ्हेनं वापरा. उल्लासच्या, म्हणजे सरकारच्या प्रौढ साक्षरता योजनेच्या, चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान असे ५० - ५० - ५० मिळून १५० मार्क असतात आणि आमचे गडी लेखनात गळपटतात. मग ज्याची बात लांबलचक त्याला म्हणायचं की यातली एक ओळ लिही. एकच. "माझी लाल कंधारी जोडी पाच लाखाला मागितली." बैलाबद्दल लिहायला कुणाची ना नसते. जोडाक्षर आलं की त्याचं गाडं अडतं, तिथं तुम्ही मदत करायची. लिहायला लागलं की बात आपोआप आकसते, कारण पाच ओळींचं खोटं लिहायला लई मेहनत लागते राव, खरं लिहिणं सोपं पडतं. आणि एक लक्षात ठेवा, सगळ्यात जास्त फेकणारा हमखास आजारपणाची सबब सांगून लिहिणं टाळत असेल तर त्याला सही सुद्धा येत नसण्याची शक्यता मोठी. मी एकाला असं दोन महिने उशिरा ओळखलं. घरची पत्रं तो दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि त्याबदल्यात त्याला बिडी द्यायचा.

ज्यांच्या बाता काही केल्या आवरत नाहीत त्यांच्यासाठी शुक्रवारी अर्धा तास भारूड. नाथांची भूमी आहे, पैठण काही लांब नाही, निम्म्यांना चाल आधीच येते. जितकं फेकायचं तितकं त्यात फेका, उलट जास्त फेकणाऱ्याला टाळ्या. बाकी चार दिवस मग जरा शांतता मिळते.

आता जपायच्या गोष्टी. केसबद्दलची बात सुरू झाली की तिथंच थांबवा, हे मी कडक सांगतो. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०२२ च्या आकड्यांत देशातल्या चार कैद्यांपैकी तीन अंडरट्रायल होते, म्हणजे तुमच्या समोर बसलेल्या बहुतेकांची केस अजून चालूच असणार. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही पण तुमच्यासारख्या बाहेरच्या माणसापुढं फुशारकीत बोललेलं पुरावा म्हणून पुढं येऊ शकतं, मग त्याचीही वाट आणि साक्षीचं समन्स तुम्हाला. "बाबा, हे वकिलाला सांग, मला ऱ्हस्व-दीर्घ विचार," एवढं म्हणायचं. वहीत पण केसबद्दल लिहू द्यायचं नाही, झडतीत वह्या उघडतातच. आणि बातेत पुढचा बेत ऐकू आला, अमक्याला बघून घेतो, मुलाखतीला येणाऱ्याकडून काहीतरी मागवलंय, असं काही, तर त्याच दिवशी तुरुंगाधिकाऱ्याच्या कानावर घालायचं. तिथं हूं म्हणून चालत नाही.

दुसरी जात मधाळ बातांची. "सर तुमच्या पोराचं ॲडमिशन सांगा फक्त, आपला माणूस आहे." यात स्वतःचं कौतुक कमी आणि तुमची चाचपणी जास्त असते. आज ॲडमिशन, उद्या एक चिठ्ठी बाहेर नेता का, परवा तंबाखूची पुडी आत आणता का. मी एकदा बोलता बोलता माझं गाव सांगून बसलो होतो, पुढच्या आठवड्यात त्याला माझ्या गल्लीतलं किराणा दुकान माहीत होतं. काही झालं नाही, पण त्या रात्री झोप नाही लागली. गाव, पोरांची शाळा, गाडीचा नंबर, काही सांगू नका, विचारलंच तर विषय पावसापाण्यावर न्या, मराठवाड्यात तो विषय कधी संपत नाही.

राहता राहिलं एक, ते तुमच्या घरचं. आत ऐकलेलं बाहेर सांगत सुटू नका, नावानिशी तर अजिबात नाही, त्यांच्याही घरी लेकरं असतात आणि जिल्हा लहान असतो. मला हे कळायला एक लग्न लागलं. पंगतीत बसलो होतो, पाहुणे म्हणाले सर जेलातलं सांगा काहीतरी, आणि मी लागलो सांगायला, कसा एक डॉन माझ्याकडं बाराखडी शिकतो, त्याच्यावर सात मर्डर आहेत वगैरे. बायको बुंदी वाढून घेत होती, मान पण वर न करता म्हणाली, "मागच्या लग्नात तीन होते ना हो?"