पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलताय? या चुका टाळा

"फोर व्हील आपण वर्षातून चारदा टाकतो, त्यातलं ऑइल काय खराब होणार?" फोर बाय फोर पिकअप वापरणाऱ्यांकडून हा प्रश्न मला दर पावसाळ्याच्या तोंडावर ऐकायला मिळतो. मागच्या डिफरन्शियलवर (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचावर) भार पडतो, त्याचा आवाज केबिनमध्ये येतो, म्हणून त्याची आठवण राहते. पुढचं गाडी विकेपर्यंत कोणी उघडत नाही. पण मी जेवढी पुढची हाउसिंग (डिफरन्शियलची बाहेरची पेटी) उघडली, त्यांत बहुतेकदा दोष निघाला तो पाण्याचा. कोकणात बागेत जायचं म्हणजे एखादा वहाळ ओलांडावाच लागतो आणि तिथे क्राउन-पिनियन (आतले दोन मुख्य गिअर) किती किलोमीटर चाललं याला काही अर्थ उरत नाही.

आधी खालचा बोल्ट खोलणं

ही चूक मी स्वतः केली आहे. मोठ्या उत्साहाने गाडीखाली शिरलो, ड्रेन बोल्ट काढला, ऑइल घमेल्यात उतरवलं. मग भरायच्या बोल्टाला पाना लावला तर तो जाम. जोर लावता लावता आतल्या चौकोनाच्या कडा गेल्या. रविवार, बाजार बंद, आणि डिफरन्शियल रिकामं. शेवटी दुसऱ्या दिवशी वर नट वेल्ड करून तो बोल्ट फिरवावा लागला.

तेव्हा वरचा, भरायचा बोल्ट आधी सैल करा. तो निघाला तरच खालच्याला हात लावा. लाल माती आणि गंज बसलेला असेल तर तारेच्या ब्रशने साफ करून आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. बोल्टाला बाहेरून सहा कोनांचं डोकं आहे, की आत एलन की किंवा चौकोनी दांडा लागतो, हे आधी बघून घ्या. जवळपास बसणारा पाना घालून बघण्याचा मोह इथे महाग पडतो. काही जुन्या सलग (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकसंध) अ‍ॅक्सलना ड्रेन बोल्टच नसतो. तिथे झाकण खोलावं लागतं, आणि झाकण खोललं की जुनं गॅसकेट खरवडून नवं बसवणं आलंच.

ऑइल गरम झालंय असं धरून चालणं

ऑइल गरम असताना काढावं हा सल्ला बरोबर आहे. पण ज्या गाडीत टू व्हीलवर (फक्त मागच्या चाकांना ताकद असताना) पुढचे हब (चाकाच्या मधला जोड) किंवा अ‍ॅक्सल सुटे होतात, तिथे हमरस्त्यावर वीस किलोमीटर फिरून आलात तरी पुढचं डिफरन्शियल जवळपास थंडच राहतं. आतले मुख्य गिअर फिरलेलेच नसतात. कच्च्या रस्त्यावर फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा गिअर) थोडं चालवा, मग काढा. डांबरावर नको.

पाण्याचा संशय असेल तर मात्र मी उलट करतो. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवायची आणि सकाळी थंड असतानाच ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. पहिल्या धारेत नितळ किंवा गढूळ पाणी आलं, की निदान झालं.

दुधी ऑइल बघून फक्त ऑइल बदलणं

ऑइल दुधाळ चहासारखं निघालं म्हणजे पाणी त्यात घुसळलं गेलंय. ते काढून नवं भरलं आणि काम संपलं असं समजलात, तर पुढच्या पावसाळ्यात तोच चहा पुन्हा मिळेल. पाणी आलं कुठून ते शोधा. चालून तापलेलं हाउसिंग वहाळाच्या थंड पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) किंवा सीलच्या (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठातून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरची नळी तुटलेली असेल तर पाण्याला सरळ वाटच मिळते.

एका आंबा बागायतदाराच्या पिकअपमध्ये आम्ही दोनदा ऑइल बदललं, तिसऱ्यांदा नळी तपासली. वरून अखंड दिसत होती, पण क्लिपखाली उंदराने कुरतडलेली. नवी नळी बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधली आणि त्रास थांबला. पहिल्याच वेळी नळी बघायला पाच मिनिटं लागली असती.

ब्रीदर चिखलाने बुजला तर उलटा त्रास होतो. तापल्यावर दाब बाहेर जाऊ शकत नाही आणि ऑइल सीलमधून झिरपतं. लोक नवं सील बसवतात, तेही महिनाभरात गळतं, मग सीलच्या कंपनीला शिव्या. सील बदलायच्या आधी ब्रीदरमधून फुंकर मारून बघा.

एकदा पाणी आत गेलं असेल तर साधं पण योग्य ग्रेडचं ऑइल भरून थोडं चालवा, ते काढून टाका आणि मगच चांगलं ऑइल भरा. तेही दुधी निघालं तर पुन्हा तेच करा. बेअरिंगांना गंज चढला असेल तर मात्र ऑइलने तो जाणार नाही.

"नव्वद नंबर द्या" म्हणून थांबणं

दुकानात नव्वद नंबर म्हटलं की कुठलाही डबा हातात येतो. नंबर जाडीचा आहे. त्यासोबत जीएल-४ की जीएल-५ (गिअर ऑइलचे दर्जे) हेही विचारा. हायपॉइड डिफरन्शियलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, त्यामुळे दात एकमेकांवर फिरतात तसेच जोरात घासतातही. तो दाब सोसायला गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असलेलं जीएल-५ लागतं. तेच उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जिथे कंपनीने जीएल-४ सांगितलंय तिथल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या अक्षाला ताकद देणाऱ्या डब्याचं) ऑइल आणखी वेगळं असू शकतं, काही गाड्यांत तिथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लागतं.

जाता जाता, नव्वद हा आकडा बघून ते इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असेल असं वाटतं. दोन्हींची मापपट्टी वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. आणि आवाज येतोय म्हणून १४० नंबर ओतणं म्हणजे दुखणं झाकणं. आवाज दबतो, पिनियनचं बेअरिंग मात्र झिजत राहतं.

दोष दुसऱ्याचा, खोललं डिफरन्शियल

डांबरी रस्त्यावर फोर हाय टाकून वळलं की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी उड्या मारते. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये (गरजेपुरतंच फोर व्हील टाकायच्या गाडीत) हे व्हायचंच, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि ट्रान्सफर केस ते मानत नाही. पूर्ण वळणावर कटकट आवाज आला तर आधी सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा वळणारा सांधा) बघा. वेगात गाडी जराशी डावी-उजवीकडे झुलवल्यावर घरघर कमी-जास्त झाली तर चाकाचं बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना हूं असा सूर बदलत असेल, आणि तोही फोर व्हीलमध्येच, तेव्हा पिनियनकडे वळा.

ड्रेन बोल्टाला चुंबक असेल तर त्यावरची करडी, मलमासारखी पेस्ट बघून घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. बोटांत टोचणारा कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर नवं ऑइल भरू नका, हाउसिंग खोला.

भरताना

गाडी सपाट हवी. फक्त पुढून जॅकवर चढवून भरलं तर पातळी चुकते. खाली शिरायचं तर घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच पिकअपच्या पुढच्या डिफरन्शियलला एक ते दीड लिटर लागतं, पण नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. भरायच्या भोकाच्या खालच्या ओठापाशी ऑइल आलं की थांबा. सलग अ‍ॅक्सलमध्ये ते दोन्ही बाजूंच्या नळ्यांत हळूहळू पसरतं, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा बघून थोडं घालावं लागतं. जास्त ठासलं तर फेस होतो आणि ऑइल ब्रीदरमधून बाहेर येतं. बोल्टांचे वॉशर नवे घाला. चपटा झालेला जुना वॉशर दुसऱ्यांदा नीट बसेलच असं नाही.

काढलेलं ऑइल झाडाच्या बुंध्याशी किंवा गटारात ओतू नका. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं. डब्यात झाकण लावून ठेवा, परवानाधारक भंगारवाला घेऊन जातो. आणि आठवडाभराने एकदा गाडीखाली वाकून दोन्ही बोल्टांवर बोट फिरवा. ओलं लागलं तर वॉशर बसलेला नाही.